लाइट जाण्याची टेस्ट

माझी आत्या लिफ्टचं बटण दाबत नाही. उज्जैनला नानाखेड्यात ती ज्या बिल्डिंगमध्ये राहते तिथे खाली लिफ्टपाशी येऊन उभी राहते आणि वर जाणारं कुणी येईपर्यंत थांबते. फोन वाजला तर जवळ जो असेल त्याच्या हातात देते. कामवाली बाई येऊन मिक्सर लावेपर्यंत चटणी अडून राहते. टीव्ही कुणी लावून दिला तर बघते, आणि बंद करायलाही शेजारच्या सूनबाईंना हाक मारते. कुणी विचारलंच तर सांगते, "यंत्रांना माझा हात लागू पडत नाही हो." ऐकणारे हसतात. वीसएक वर्षं मीही त्यांच्याबरोबर हसत आलो आहे.

तिच्या हातात काही खोट नव्हती. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माहीत असून मी गप्प राहिलो, ते आज लिहितो आहे.

तेव्हा आम्ही फ्रीगंजमध्ये राहत होतो, टावर चौकातून आत गेल्यावर दुसऱ्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. आई मी लहान असतानाच गेली. बाबा रेल्वेत होते, तेही रिटायर होण्याआधी गेले. घरात आत्या आणि मी. आत्या मुलींच्या सरकारी शाळेत गणित शिकवून नुकतीच रिटायर झालेली. शाळा हिंदी, त्यामुळे साऱ्या गावाची ती बहनजी. मराठी फक्त घरात आणि गणेशोत्सवात. मी चौकातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो. माझ्याबरोबर शिकलेली मुलं एकेक करून पुण्या-बंगलोरला निघून जात होती. देवास गेटच्या स्टँडवर त्यांना सोडायला जायचं आणि परत येऊन क्लासचं शटर उघडायचं, असं चाललं होतं.

घरी माझं एक मशीन होतं, इंदूरहून सुटे भाग आणून जोडलेलं. ते मी एका कामाला दिलं होतं, आणि त्या कामाचा मला फार अभिमान होता. जगात ठिकठिकाणचे काही लोक मिळून एक डेटाबेस लिहीत होते, म्हणजे माहिती साठवायचा आणि मागितली की काढून द्यायचा प्रोग्रॅम. पैसे कुणीच घेत नव्हतं. त्यात रोज कुठे ना कुठे बदल व्हायचा. त्या बदलाने काही बिघडलं तर नाही ना, हे बघायला माझ्यासारख्या हौशी लोकांनी आपापल्या घरची मशीनं लावून ठेवलेली. मशीन पहाटे फोनच्या लाइनवरून नवा कोड उतरवून घ्यायचं, त्यातून प्रोग्रॅम नव्याने तयार करायचं, त्याला आम्ही बिल्ड म्हणायचो, आणि मग त्यावर एकामागून एक टेस्ट चालवायचं. निकाल आपोआप इंटरनेटवरच्या एका पानावर जायचा. सगळं ठीक असेल तर मशीनच्या नावापुढची ओळ हिरवी, नाहीतर लाल. मशीनना पक्ष्यांची नावं द्यायची पद्धत होती. माझ्या मशीनचं नाव मी टिटवी ठेवलं होतं.

कुणाच्या मशीनने काय तपासायचं हे कुणी नेमून देत नसे. प्रत्येकाकडे सेटिंगची एक छोटी फाइल असायची. कुठला पर्याय चालू, कुठला बंद, ते ज्याचं त्याने तिच्यात लिहायचं, आणि पानावरच्या ओळीखाली ते बारीक अक्षरात सगळ्यांना दिसायचं. पण एक न सांगितलेला रिवाज होता. सगळ्यांनी जे चालू ठेवलंय तेच आपण ठेवायचं नाही. यादी चाळायची, कुणी काय सोडून दिलंय ते बघायचं आणि ते उचलायचं. साठ मशीनं एकसारखीच असतील तर ती एका मशीनच्या बरोबर.

मी उचलली ती लाइट जाण्याची टेस्ट. तिचं खरं नाव लांबलचक होतं. तिच्यात प्रोग्रॅम माहिती लिहीत असतानाच त्याला अचानक मारून टाकायचं, पुन्हा उठवायचं, आणि लिहिलेलं सगळं जागेवर आहे ना ते मोजायचं, असं कित्येकदा. फार वेळ खायची, म्हणून कुणी ती चालू ठेवत नसे. त्यातले बहुतेक लोक थंड देशांतले. त्यांच्याकडे लाइट वर्षात एकदा गेली तर पेपरात यायचं. आमच्याकडे वीजकपातीचं टाइमटेबल पेपरात यायचं. ही टेस्ट उज्जैनच्या मशीनने घ्यायची नाही तर कुणी, असं मला वाटलं होतं. त्या पानावर ती टेस्ट चालू असलेलं टिटवी एकटंच होतं.

सकाळी चहाचा कप हातात देताना आत्या विचारायची, "आज तुझी टिटवी हिरवी का लाल?" लाल असली तर तिला खरंच वाईट वाटायचं. मी सांगायचो, अगं, लाल म्हणजे चांगलंच, काहीतरी सापडलं. ते तिला पटायचं नाही. लाल शेरा मिळाल्यावर खूश होणारा विद्यार्थी तिने पाहिलेला नव्हता.

मशीन सकाळी टेस्टमध्ये असायचं, नंतर मोकळं. त्या मोकळ्या वेळात आत्या त्याच्यावर बसायला लागली, बासष्टाव्या वर्षी. कारण होतं तिच्या मुली, म्हणजे पस्तीस वर्षांतल्या विद्यार्थिनी. शाळा सोडून गेलेल्या प्रत्येकीला ती वाढदिवसाला पोस्टकार्ड पाठवायची. वर चार ओळी खुशालीच्या आणि खाली एक गणित. उत्तर कळवायचं बंधन नाही. पण बऱ्याच जणी कळवायच्या, बँकेतल्या, शाळेतल्या, चार पोरांच्या आया झालेल्या. कोण कुठे दिली, कुणाचा पत्ता बदलला, कुणाला कुठलं गणित गेलंय, हे सगळं पाकिटांच्या पाठी, लग्नपत्रिकांचे कोपरे, कॅलेंडरची पानं यांवर लिहून बिस्किटांच्या दोन मोठ्या डब्यांत भरलेलं.

मीच म्हटलं, आत्या, हे आपण मशीनमध्ये घालू. त्याच डेटाबेसवर मी तिला एक साधा फॉर्म करून दिला. मशीनवर बसण्याआधी ती हात धुवायची. उजव्या हाताच्या एका बोटाने, अक्षर शोधत, ओठ हलवत टाइप करायची. आठवड्याभराने दोन बोटं झाली, महिन्याभराने चार. वर्गातल्या मुलीची प्रगती सांगावी तशी ती मला स्वतःची सांगायची.

सुरुवातीलाच तिने एक प्रश्न विचारला होता. तो मला अजून जसाच्या तसा ऐकू येतो.

"सेव्ह केलं, आणि तेवढ्यात लाइट गेली तर?"

"तरी राहतं, आत्या. त्याचीच तर टेस्ट घेतो ना मी रोज."

"अच्छा," ती म्हणाली, आणि पुन्हा कधी तिने तो प्रश्न विचारला नाही. माझ्या शब्दाचं तिच्याकडे तेवढं वजन होतं.

सगळ्या मुलींमध्ये एक तिच्या फार जिवाची होती. गणितात इतकी हुशार मुलगी पस्तीस वर्षांत दुसरी पाहिली नाही, म्हणायची. सतराव्या वर्षी तिला आगरच्या पुढच्या कुठल्याशा गावात दिली. सासरी पत्रं चालत नव्हती, म्हणून आत्या तिथल्या एका किराणावाल्याच्या मार्फत कार्ड पाठवायची. कित्येक वर्षं उत्तर नाही. मग एकदा एक पोस्टकार्ड आलं. त्यावर नाव नाही, मजकूर नाही, फक्त मधोमध एक आकडा. आत्याने तिच्या टिपणात शेवटचं गणित कुठलं गेलं होतं ते काढून पाहिलं. आकडा बरोबर होता. ते कार्ड हातात घेऊन ती बराच वेळ गॅलरीत बसली होती. त्यानंतर त्या मुलीला वर्षातून तीन-चार कार्डं जायला लागली आणि मधूनमधून एखादा आकडा परत यायचा.

आता माझं.

त्या वर्षी उन्हाळ्यापासून कपात वाढली. सकाळी लाइट जायची ती कधी नऊला, कधी साडेआठला. पूर्ण बिल्ड आणि सगळ्या टेस्ट व्हायला टिटवीला तीन तासांच्या वर लागायचे, आणि त्यातला जवळजवळ तासभर एकट्या लाइट जाण्याच्या टेस्टचा. यूपीएसची बॅटरी मेलेली. काम अर्धवट राहायचं, निकाल जायचाच नाही, आणि बरेच दिवस निकाल आला नाही की मशीनचं नाव पानाच्या तळाशी गैरहजरांच्या यादीत जायचं. टिटवी तिथे जाऊन बसलं. नेमकं तेव्हाच पुण्याच्या एका कंपनीने मला बोलावलं होतं. फोनवर बोलणाऱ्या साहेबांना मी मोठ्या ऐटीत त्या पानाबद्दल सांगितलेलं, आणि ते म्हणाले होते की बघून ठेवतो.

मी सेटिंगची फाइल उघडली आणि लाइट जाण्याची टेस्ट बंद केली. लाइट जाते म्हणून. हे वाक्य आज लिहिताना मला जे कळतंय ते तेव्हाही कळत होतं, असं मला वाटतं. मी फक्त त्याच्याकडे पाहिलं नाही. इंटरव्ह्यू झाला की परत चालू करू, एवढं मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी टिटवीची ओळ हिरवी होती. आत्या खाली जाऊन कागदात बांधून पोहे आणि जिलबी घेऊन आली. "बरी झाली एकदाची पोर," म्हणाली.

त्या कामाची देखरेख करणाऱ्या एक बाई होत्या, दूर बर्फाच्या देशातल्या. आठवड्याभरात त्यांची मेल आली. अगदी सौम्य. तुमच्या ओळीखालचा एक पर्याय गेलेला दिसतोय, तो चालू असलेलं तुमचंच एक मशीन होतं, काही अडचण आहे का, आम्ही दुसरं कुणी बघू का, असं विचारलं होतं. मला एवढंच लिहायचं होतं की आमच्याकडे लाइट टिकत नाही, कृपा करून दुसरं कुणी ही टेस्ट घ्या. पण ते लिहायची लाज वाटली. आपल्या गावात दिवसाचे सहा तास वीज नसते हे त्यांना कशाला कळायला हवं. मी उत्तर लिहिलं की तात्पुरतं आहे, लवकरच चालू करतो.

इंटरव्ह्यू झाला, नोकरी मिळाली, दिवाळीनंतर रुजू व्हायचं ठरलं. टेस्ट बंदच राहिली. मध्यंतरी डेटाबेसची नवी आवृत्ती आली. सगळ्या पक्ष्यांच्या ओळी हिरव्या होत्या, टिटवीचीसुद्धा. मी ती लगेच घरी बसवली, आत्याचं सगळं काम तिच्यात घातलं. दिवाळीची साफसफाई निघाली तेव्हा आत्याने ते दोन डबे पुढे केले आणि विचारलं, हे ठेवू का देऊ? मी म्हटलं, दे की, आता सगळं मशीनमध्ये आहे. तिने एकेक पाकीट पुन्हा एकदा पाहून, सावकाश, सगळं रद्दीत दिलं. आकड्यांची पोस्टकार्डं तेवढी मागे ठेवली, पण त्यांच्यावर पत्ता कुठला असणार, पोस्टाचे शिक्केही पुसट.

दिवाळीनंतर आठवड्याभराने, दुपारी चारच्या सुमाराला, टाइमटेबलात नसताना लाइट गेली. मी तेव्हा क्लासमध्ये होतो. घरी आलो तर आत्या मशीनसमोर हात मांडीवर ठेवून बसलेली. लाइट परत आलेली होती. फॉर्म उघडत होता, पण आत काहीच नव्हतं. महिन्याभरापूर्वीपर्यंत मी दर रविवारी फ्लॉपीवर नक्कल काढायचो. पुण्याच्या तयारीत तेही सुटलं होतं. शेवटची फ्लॉपी लावून पाहिली, ती वाचेना.

"मी सेव्ह दाबत होते," ती म्हणाली, "आणि तेवढ्यात अंधार झाला. घाबरून मी दोन बटणं एकदम दाबली रे. माझ्याने गेलं सगळं."

मी म्हटलं, बघतो. टिटवीवर तीच जुनी टेस्ट चालू केली आणि समोर बसून राहिलो. तासाभरात ओळ लाल झाली. पुन्हा चालवली, पुन्हा लाल. नव्या आवृत्तीतल्या एका बदलाने लाइट गेल्यावर फाइल सावरायचं काम मोडलं होतं. ती टेस्ट चालू असती तर बदल आला त्याच दिवशी सकाळी टिटवीने तो पकडला असता. आत्याने दोन बटणं दाबली असती काय नि दहा दाबली असती काय, काही फरक पडत नव्हता.

मी लाल निकाल पाठवून दिला. दोन दिवसांत बिघाड दुरुस्त झाला. पाच-सहा देशांतल्या लोकांनी लिहून माझे आभार मानले, वेळेवर सापडलं म्हणून. त्या बाईंनीही मानले. तात्पुरत्याचा विषय त्यांनी काढला नाही.

लाइट गेली त्याच संध्याकाळी आत्या माझ्यापाशी आली होती. मी लहानपणी काही सांडलं-फोडलं की जसा तिच्यापुढे उभा राहायचो, तशी ती उभी होती. म्हणाली, "तुझं मशीन बिघडवलं मी. माफ कर हं बेटा."

तेव्हा लाल ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती. मी म्हणालो, "असू दे आत्या. होतं असं."

बाकी सगळं मी समजून घेऊ शकतो. वय, घाई, नोकरी, वीज. हे एक वाक्य समजून घेता येत नाही. तिचा काही दोष नसताना मी तिला माफ केलं.

तीन आठवड्यांनी मी पुण्याला गेलो. स्टँडवर तिने मला डबा दिला आणि मशीन घेऊन जा म्हणाली, माझ्यापाशी नको. पुढे पत्रं लिहून, शाळेतल्या जुन्या बहनजींना विचारून तिने शंभरएक पत्ते पुन्हा जमवले, वहीत, पेनने. त्यांना कार्डं जात राहिली. आगरच्या पुढच्या त्या मुलीचा पत्ता मिळाला नाही. किराणावाल्याचं नाव, गावाचं नाव, पोस्ट, काहीच तिला आठवेना. ती म्हणायची की लिहून ठेवलं म्हणून डोक्याने सोडून दिलं. फ्रीगंजच्या पत्त्यावर त्यानंतरही एकदा एक आकडा आला. त्याचाही शिक्का वाचता येत नव्हता. लाइट गेली त्या दुपारपासून ती बटणांना भ्यायला लागली. आधी कॉम्प्युटर, मग फोन, मग सगळंच. मी दर सुट्टीत येत होतो, पाहत होतो. चार वेळा तरी सांगायचं ठरवून आलो आणि आंबे-कपडे देऊन परत गेलो.

मागच्या महिन्यात आलो तेव्हा खाली वॉचमनने मला थांबवलं. म्हणाला, भैया, मांजी को समझाओ. आदल्या दिवशी दुपारी, मे महिन्याच्या उन्हात, लिफ्टपाशी ती अर्धा तास उभी होती. तो जेवायला गेलेला, दुसरं कुणी आलं नाही. शेवटी भाजीची पिशवी घेऊन ती चार मजले चढून गेली आणि दारापाशीच बसून राहिली. वय चौऱ्याऐंशी.

वर गेलो. ती भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. मी समोर बसलो, मूठभर शेंगा घेतल्या आणि सांगायला लागलो. टेस्ट काय होती, मी ती का बंद केली, मेल, पुणे, लाल ओळ. वर न बघता सगळं सांगितलं. ती सोलत राहिली. माझं झाल्यावर म्हणाली:

"तुला कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी."

"मी माफी मागायच्या आधी का नंतर?"

गणिताची बाई. बरोबर त्याच पायरीवर बोट ठेवलं.

"आधी," मी म्हणालो.

तिने आणखी चार-सहा शेंगा सोलल्या. मग म्हणाली, "तू असू दे म्हणाला होतास."

"हो."

"ते परत घे."

"घेतलं, आत्या."

"हं." तिने टरफलं गोळा करून पेपरात बांधली, ताटली आत नेऊन ठेवली. परत आली तेव्हा डोळे पुसलेले होते, पण आवाज शाळेतला होता. तुझं पुणं मी अडवलं असतं का, विचारलं. मी म्हटलं, नाही. दोन शब्द तेव्हाच सांगितले असते तर माझीच चूक म्हणून मी घरात बसून राहिले नसते, त्या पोरीला शोधायला आगरला जाऊन आले असते, तेव्हा पाय चालत होते, म्हणाली. तिने मला माफ केलं की नाही, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

थोड्या वेळाने तिने माझ्या मोबाइलकडे बोट दाखवलं. "याच्यात गावं दिसतात म्हणे."

मी नकाशा उघडला, आगर काढून दिलं आणि फोन तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला नाही. उठली, मोरीत गेली, हात धुतले, पदराला कोरडे पुसले, आणि मग येऊन बसली. मी सांगितलं, बोट टेकव आणि सरकव. तिने बोट काचेच्या वर धरलं. मी हात पुढे केला नाही.

"काही जाणार तर नाही ना?"

"गेलं तर ते माझ्याने गेलं, आत्या."

तिने बोट टेकवलं. आगर खाली सरकलं, वरून सुसनेरचा रस्ता आला, दोन्ही बाजूंना बारीक अक्षरांत गावं. चष्मा नाकावर ओढून, ओठ हलवत, ती एकेक नाव वाचायला लागली.